चाळीस पानी बखर

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीच्या किल्ल्यात बसून शिवाजी महाराजांची बखर लिहिली, ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. आमच्या सोलापूरच्या घरात गेल्या मे महिन्यात जी बखर लिहिली गेली, ती बाईंच्या आज्ञेवरून. बखरकार म्हणजे चौथीतून पाचवीत जाणारी माझी नात. लेखनस्थळ कूलरसमोरची फरशी. पृष्ठे चाळीस, वरचं पुठ्ठ्याचं पान धरून. बाईंनी सुट्टीचा अभ्यास म्हणून तीन विषय दिले होते : माझे कुटुंब, माझे आवडते प्राणी आणि माझे गाव. खाली सूचना होती, 'घरातल्या मोठ्यांना विचारावे व स्वतःच्या शब्दांत लिहावे.' यातलं पहिलं वाक्य निरुपद्रवी आहे. दुसऱ्याने आमच्या घरात महिनाभर कुणाला नीट झोप लागू दिली नाही.

शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडे आलं. बँकेत चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदींवर बरोबरच्या खुणा करण्यात गेल्यामुळे या कामाला घरात मीच लायक समजला जातो. दुपारी दोनला, पारा त्रेचाळीसवर असताना, मी चष्मा पुसून पहिलं पान उघडलं.

'आमच्या घरात सहा माणसे राहतात. त्यांपैकी पाच जण कामे करतात. सहावे आमचे आबा आहेत.'

ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती. मी पुढे गेलो.

'आबा रोज सकाळी पेपर वाचतात आणि सगळं बिघडलंय म्हणतात. आजी म्हणते, आधी मोरीतला नळ बघा, तो पण बिघडलाय. आजी देवाशी कन्नडमध्ये बोलते, भाजीवालीशी तेलुगूत बोलते आणि आबांशी रविवारी बोलते.'

हे शेवटचं धादांत खोटं आहे. ती माझ्याशी रोज बोलते. मात्र तिचं माहेर इंडीकडचं, त्यामुळे राग आला की ती कन्नडवर जाते, आणि 'सुम्क कुंदर्री' एवढं एकच वाक्य बोलून थांबते. गप बसा. एवढ्याला पोर बोलणं म्हणत नाही, त्याला मी काय करणार?

पान उलटलं. 'आमच्या घरात दोन मोठे सण असतात. एक दिवाळी आणि दुसरा पाणी. दिवाळी वर्षातून एकदाच येते म्हणून तिची एवढी मजा वाटत नाही. पाणी चार-पाच दिवसांनी येते. त्या दिवशी सगळे पहाटे उठतात, नवीन-जुनी सगळी भांडी बाहेर काढतात, एकमेकांना हाका मारतात आणि शेजाऱ्यांकडे जातात. माझा जन्म पाण्याच्या दिवशी झाला. बाबा दवाखान्यात उशिरा आले कारण टाकी भरायची होती.'

सूनबाई माझ्या खांद्यावरून वाचत होती. शेवटचं वाक्य वाचून ती म्हणाली, "हे राहू दे, मामंजी. हे खरं आहे." तिचा आवाज दहा वर्षांपूर्वीच्या त्या पहाटेचा होता. मुलगा शेजारच्या खोलीत होता, त्याने दार लावून घेतलं.

आता शुद्धलेखनाचं सांगतो. चौथ्या पानावर 'आई भाकऱ्या करायली, आजी ओरडायली, आबा ऐकायलेत' असं वाक्य होतं. मी लाल पेनने 'करायली'चं 'करत आहे' केलं. नात आली, वाचलं, आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "आबा, हे काय करून ठेवलात? 'करत आहे' म्हटलं की आई पुण्याची वाटायली." मी खूण खोडली. व्याकरणाची पुस्तकं काय म्हणायची ती म्हणोत; कडक भाकरी 'करत आहे' म्हणून होत नाही. ती थापावी लागते, भाजावी लागते आणि वाळवावीही लागते. तेवढ्या वेळेला 'करायली'च पुरतं.

प्राण्यांच्या विभागात पहिला मान गल्लीतल्या कुत्र्याचा. हा कुत्रा आमचा नाही आणि कुणाचाच नाही, त्यामुळे तो सगळ्यांचा आहे. नातीने लिहिलं होतं : 'आमच्या कुत्र्याला चार नावे आहेत पण आधार कार्ड एकही नाही. आम्ही त्याला ये म्हणतो, कोपऱ्यावरच्या कन्नड आजी बा म्हणतात, शेजारच्या तेलुगू अव्वा रा म्हणतात आणि मागच्या बोळातल्या चाची आ म्हणतात. तो चारही ठिकाणी जातो. तो चार भाषा शिकला आहे. मला सेमी इंग्लिशमध्ये दोनच येतात.'

हे वाचून मी पेन खाली ठेवलं. या गावात माझी सदुसष्ट वर्षं गेली. ये, बा, रा, आ : एकेका अक्षराची ही चार बोलावणी रोज संध्याकाळी माझ्या कानावर पडत आली, आणि ती सगळी एकाच कुत्र्यासाठी आहेत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सोलापूरच्या भाषिक वैशिष्ट्यांवर व्याख्यानं मी पुष्कळ ऐकली. सतरंजीवर बसून, पाय आखडेपर्यंत. त्यातल्या एकाही वक्त्याने कुत्र्याला विचारलं नाही.

यानंतर घडलं ते पोपटाचं प्रकरण. दोन वर्षांपूर्वी वळिवाच्या एका पावसात अंगणात पंख दुखावलेलं पोपटाचं पिल्लू पडलं. मुलाने ते उचलून आणलं, जगवलं, आणि पंख बरा झाल्यावर सोडायचं तेवढं विसरला. आपल्याकडचा रानपोपट पिंजऱ्यात पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हे त्याला माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणून तर पाहुणे आले की पिंजरा न्हाणीघरात जायचा आणि आतून 'काय बे' असा आवाज आला की आम्ही मोठ्याने खोकायचो.

वहीत होतं : 'माझा सर्वांत आवडता प्राणी मिठू. बाबा म्हणतात मिठूबद्दल बाहेर कोणाला सांगू नको, नाहीतर वनखात्याचे लोक येतील. म्हणून मी कोणाला सांगत नाही. फक्त लिहिते आहे.'

मुलाने ते वाचलं आणि तो त्या उन्हात थंड पडला. संध्याकाळी त्याने वही घेतली, कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि जिथे जिथे 'मिठू' किंवा 'पोपट' होतं तिथे 'मांजर' केलं. काम इतक्या घाईने केलं की पुढचं वाचायचं राहिलं. त्यामुळे शाळेत गेलेल्या अंतिम प्रतीत मजकूर असा आहे : 'आमचे मांजर हिरवे आहे. त्याची चोच लाल आहे. ते डाळिंबाचे दाणे खाते आणि बाबा ऑफिसातून आले की त्यांना काय बे म्हणते. ते उडू शकते पण आम्ही त्याला उडू देत नाही.' इतिहासाच्या साधनांत फेरफार करणाऱ्यांचं नेहमी असंच होतं. नावं बदलतात, चोच तशीच राहते.

बाईंनी समासात शेरा दिला आहे : 'कल्पनाशक्ती उत्तम!'

(पिंजऱ्याचं दार आम्ही जूनमध्ये उघडलं. पहिले चार दिवस तो आतच बसून आमच्याकडे संशयाने बघत होता. आता समोरच्या कडुलिंबावर असतो. सकाळी सातच्या सुमारास खिडकीत येऊन मुलाला हाक मारतो. काय म्हणतो ते वर आलेलंच आहे.)

पाळीव संपल्यावर रानटी. नातीने हट्ट धरला की माळढोक बघायचा, कारण तो 'आपल्या जिल्ह्याचा पक्षी' असं तिसरीच्या परिसर अभ्यासापासून तिच्या डोक्यात होतं. मी तिला नान्नजच्या अभयारण्यात नेलं. सोलापूरपासून वीसेक किलोमीटर, बार्शीच्या रस्त्याला. थर्मासमध्ये ताक, डब्यात शेंगा चटणी आणि भाकरी, गळ्यात माझी जुनी दुर्बीण, जिच्या एका नळीतून फक्त माझी स्वतःची पापणी दिसते. माळावर ऊन असं होतं की क्षितिज पाण्यात धरल्यासारखं हलत होतं. दोन तासांत काळवीट दिसले, एक खोकड दिसलं. तिथल्या माणसाला नातीने विचारलं, "काका, माळढोक कधी येतो?" तो माणूस बराच वेळ माळाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पावसाळ्यात ये, बाळ." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आला तर."

वहीतली नोंद : 'आम्ही माळढोक पक्षी बघायला गेलो. आम्ही त्याचे चित्र बघितले. ते खूप मोठे होते. माळढोक एका वेळी एकच अंडे घालतो आणि ते पण जमिनीवर ठेवतो. त्याचे अभयारण्य १९७९ साली झाले, तेव्हा ते ८४९६ चौरस किलोमीटर होते. २०१२ साली १२२२ केले. आबा म्हणाले माणसांना अडचण होत होती. माळढोकांना विचारले का ते आबांना माहीत नाही.'

माहीत नाही कसं? मला सगळं माहीत आहे. जिथे कुसळी गवताचे माळ होते तिथे पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, वर विजेच्या तारा आल्या. पंधरा किलोचा पक्षी तारेपाशी चटकन वळू शकत नाही. अभयारण्याच्या पहिल्या आखणीत गावंच्या गावं आणि लोकांची शेतं आली होती, सातबाऱ्यावर शिक्के पडले, तेव्हा आमच्या बँकेत कर्जाला आलेले शेतकरी त्या पक्ष्याला काय काय बोलायचे तेही मी ऐकलेलं आहे. त्यांचंही खोटं नव्हतं. पण हे सगळं दहा वर्षांच्या पोरीला त्या उन्हात सांगायचं कसं, म्हणून मी 'माणसांना अडचण होत होती' एवढंच म्हणालो, आणि तिने ते जसंच्या तसं माझ्या नावावर टाकलं.

तिसरा विभाग 'माझे गाव'. इथे लेखिकेची संशोधक वृत्ती जागी झाली. 'सोळा गावे मिळून सोलापूर झाले असे आजी म्हणते. मी बाबांना सोळा गावांची नावे विचारली. ते म्हणाले आबांना विचार. आबा म्हणाले जुन्या शिलालेखात सोन्नलगी असे नाव आहे, त्यावरून सोलापूर झाले. म्हणजे सोळा गावे नव्हतीच. हे आजीला अजून सांगितलेले नाही.'

सिद्धेश्वराबद्दल तिला बरीच माहिती आहे, कारण संक्रांतीच्या गड्डा यात्रेत ती तीन वर्षांची असल्यापासून हरवते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदवला, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशीच लग्नाचा ध्यास घेतला तेव्हा आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, हे सगळं तिने नीट लिहिलंय. पुढे : 'म्हणून अजून दर वर्षी सात नंदीध्वज येतात आणि सगळे गाव अक्षता टाकते. या लग्नाला आमंत्रण लागत नाही. पण जेवायला घरी यावे लागते.' अडुसष्ट लिंगांची परिक्रमा करून मोजणी करायचा तिचा बेत होता. अकराव्या लिंगापाशी आईस्क्रीमची गाडी भेटली आणि उरलेली सत्तावन्न पुढच्या वर्षावर गेली.

भुईकोट किल्ल्यापाशी मात्र माझं कंबरडं मोडलं.

चूक माझीच. तलावाच्या काठाला किल्ल्याच्या तटाकडे बोट दाखवत मी तिला सांगून बसलो की हा किल्ला आदिलशाही आणि निजामशाहीत लग्नांत द्यायच्या-घ्यायच्या वस्तूसारखा फिरत होता. १५२४च्या सुमाराला विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीचं लग्न नगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झालं. सोलापूर देतो असं कबूल झालं होतं, ते दिलं नाही. त्यावरून व्याह्या-व्याह्यांत लढाया जुंपल्या, आणि एक पिढी संपली तरी मिटल्या नाहीत. पुढे नगरची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा किल्ला तिच्याबरोबर आला. लगेच १५६५ साली तालिकोटला दोघे एका बाजूने लढले. मला वाटलं, पोरगी ऐकेल आणि विसरेल.

वहीत : 'लग्नात सोलापूर देतो असे म्हणून दिले नाही म्हणून लढाई झाली. आमच्या घरात पण अशी लढाई चालू आहे. बार्शीच्या आत्याच्या लग्नात आबांनी कूलर देतो असे सगळ्यांसमोर सांगितले होते. तो अजून दिलेला नाही. त्यामुळे आत्याच्या सासूबाई आपल्याकडे आल्या की मुद्दाम आमच्या कूलरसमोर बसतात आणि वाऽ वाऽ म्हणतात.'

एक सांगतो. कूलर कुणी मागितला नव्हता. मे महिन्यातलं लग्न, मांडवावर पत्रा, वऱ्हाडी रुमालाने वारा घेतायत, मंगलाष्टकं संपली, आणि उन्हाने डोकं फिरलेल्या अवस्थेत व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवून मीच बोलून गेलो. नंतर पावसाळा आला. पावसाळ्यात कूलर कोण घेतो? हिवाळ्यात तर नाहीच. उन्हाळ्यात किमती चढतात. असं करत चौदा वर्षं गेली. चांदबिबीच्या बापाला निदान किल्ला तयार होता, उचलून द्यायचा तेवढा.

मी नातीला म्हणालो, "बाळ, हे पान फाडू या का?" ती म्हणाली, "बाईंनी पानं मोजून सही केली आहे."

यानंतरची दोन पानं मी उभ्याने वाचली, म्हणजे वाचता वाचता उभा राहिलो. तिने चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांबद्दल लिहायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी पाहणी केली होती. 'मी सगळ्यांना चौघांची नावे विचारली. बाबांना दोन आली. रिक्षावाल्या काकांना तीन आली. आबांना चारही आली पण एक आठवायला पंधरा मिनिटे लागली. शेजारच्या अव्वांना चारही आली. त्या विड्या वळत होत्या आणि त्यांनी वर बघितले पण नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला त्यांना येरवड्याला फाशी दिली. चौघांची आडनावे चार प्रकारची आहेत. आमच्या गल्लीसारखी.'

मी आयुष्यभर 'चार पुतळ्यापाशी थांब, आलोच' असं म्हणत आलो. तिथे थांबलेल्याने वर बघितलं का, हे कधी विचारलं नाही.

डॉक्टर कोटणीसांचं एकाच परिच्छेदात उरकलंय, पण उरकलंय असं की विचारू नका. 'डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. १९३८ साली चीनच्या लोकांची सेवा करायला गेले. तिथेच लग्न केले आणि १९४२ साली तिथेच वारले. ते परत आले नाहीत. आमच्या गल्लीतले सहा दादा पुण्याला गेले. ते पण परत आले नाहीत. पण त्यांच्यावर सिनेमा निघाला नाही.'

गिरण्यांच्या वेळी मी थोडा भावुक झालो. माझे वडील गिरणीत होते. १८७७ साली निघालेल्या 'जुन्या गिरणी'पासून लक्ष्मी-विष्णूपर्यंत सगळ्या मी तिला तोंडपाठ सांगितल्या. भोंगा कसा व्हायचा, भोंग्यावर सगळं गाव घड्याळं कशी लावायचं, कापसाचे तंतू वडिलांच्या भुवयांवर पांढरे बसलेले असायचे आणि आई ते दारातच पदराने झाडायची, हेही सांगितलं. तिने हे सगळं ऐकून लिहिलं : 'पूर्वी भोंगा वाजायचा आणि सगळे उठायचे. आता मोबाइल वाजतो आणि कोणी उठत नाही. गिरण्या बंद झाल्या पण चादरी चालू आहेत. पाहुणे येताना पेढे आणतात आणि जाताना चादर नेतात. यात आमचे नुकसान आहे.' भुवयांवरच्या कापसाबद्दल काही नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "ते तुमचं आहे आबा, तुमच्या वहीत लिहा." तिला 'स्वतःच्या शब्दांत' ही सूचना कळली होती. आमच्यातल्या कुणालाच नाही.

जूनमध्ये वही गेली आणि जुलैमध्ये वीसपैकी सतरा गुण घेऊन परत आली. तीन गुण हस्ताक्षराचे कापले होते. पालकसभेत निवडक वह्या टेबलावर मांडल्या होत्या, त्यांत हीही होती, आणि तिथे कुणी कुणी काय काय वाचलं याचा अंदाज मला बाहेर पडताना लोकांच्या नजरेवरून आला. एका अनोळखी गृहस्थांनी हात जोडून विचारलं, "आपणच का ते सहावे?"

ऑगस्टमध्ये राखीला लेक बार्शीहून येणार होती. बाहेर पाऊस पडत होता. मी गल्लीच्या टोकाला असलेल्या दुकानात गेलो. दुकानदाराने छत्री मिटलेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि गोदामातून खोका काढताना दोनदा विचारलं, "कूलरच ना?"

कूलर बार्शीला पोचला. व्याह्यांचा फोन आला, विहीणबाईंचा नाही. पण त्या आल्या तर आता आमच्याकडे कुठे बसतील हा प्रश्न त्यांनाही पडला असावा. बिल मी शर्टाच्या खिशात ठेवलं होतं, ते दुसऱ्या दिवशी सापडेना. संध्याकाळी सापडलं. वहीच्या शेवटच्या पानावर, किल्ल्याच्या चित्राखाली, डिंकाने चिकटवलेलं होतं. बाजूला पट्टीने दोन रेघा मारून लिहिलं होतं : 'पुरावा.'